निबंधाआधीची वही

"बाई, विहिरीवर काय लिवायचं? विहीर हाय, पाणी हाय, संपलं की."

गेल्या पावसाळ्यात दहावीतल्या एका मुलानं मला हे ऐकवलं. विषय होता बेळगावातली काँग्रेस विहीर. मी रागावले नाही, कारण त्याच्यापुरतं त्याचं बरोबर होतं. तो रोज सायकलवरून त्या विहिरीवरूनच शाळेला जातो. ज्याला सगळं माहीत असतं, त्याला लिहायला काही सापडत नाही. मी विचारलं, "तुझी मावशी कुठं असते?" म्हणाला, "पुण्याला." म्हटलं, तिला फोन लाव. मी काँग्रेस विहिरीवर निबंध लिहितोय एवढंच सांग आणि गप्प बस. ती काय काय विचारते ते लिहून आण.

पुढच्या रविवारी वहीत अकरा प्रश्न होते. पहिलाच असा: "विहिरीला पक्षाचं नाव कशाला?"

नव्यानं लिहायला बसणाऱ्यांना मला एवढीच गोष्ट सांगायची आहे. मग ती शाळेतली पोरं असोत, नाहीतर गावच्या मंडळाच्या स्मरणिकेला आयुष्यात पहिल्यांदा लेख देणारे काका असोत. लिहायच्या आधी वाचकाचे प्रश्न कागदावर आणा. आम्ही शिक्षकांनी वर्षानुवर्षं मुद्दे काढायला शिकवलं: प्रस्तावना, फायदे, तोटे, समारोप. मीही तेच शिकवलं, त्याचं पाप माझ्याही माथी आहे. मुद्दे आपल्याच डोक्यातून निघतात, म्हणून आपल्याला सुचतं तेवढंच त्यात येतं. प्रश्न दुसऱ्याच्या डोक्यातून येतात, आणि आपल्याला जे इतकं माहीत असतं की सांगायचंच राहून जातं, नेमकं तेच ते बाहेर काढतात.

हे मी ठेच खाऊन शिकले. खूप वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकाला मी आमच्या पश्चिम भागातल्या रताळ्यांवर लेख पाठवला होता. वेल लावण्यापासून नवरात्रात बाजारात लागणाऱ्या पोत्यांच्या थप्प्यांपर्यंत सगळं रंगवून लिहिलं होतं. लेख परत आला, आणि सोबतच्या चिठ्ठीत एकच ओळ: "पण तुमच्याकडेच एवढी रताळी का पिकतात?" मी कपाळावर हात मारला. तांबडी माती, पाणी न साचणारी जमीन, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला ठाऊक आहे. मला उत्तर येत होतं, म्हणूनच ते लेखात नव्हतं.

आधी माणूस ठरवा

वहीच्या नव्या पानावर सगळ्यात वर एका माणसाचं नाव लिहा. 'वाचक' असं लिहू नका, 'समाज' असंही नको. समस्त मराठी वाचक नावाचा कोणी गृहस्थ कुठं राहत नाही. ज्याचा चेहरा डोळ्यांसमोर येतो आणि ज्याचा आवाज कानात वाजतो, असा एकच माणूस पाहिजे.

आपल्या सीमाभागात ही निवड जरा जपून करावी लागते, कारण आपल्याला नेहमी दोन टोकांचे वाचक भेटतात. एकाला आपल्याकडचं सगळं माहीत असतं, दुसऱ्याला काहीच नाही. त्याच विहिरीबद्दल पुण्याची मावशी विचारते, गांधीजी बेळगावला कधी आले होते? अनगोळच्या आजोबांना हे सांगायला गेलात तर ते म्हणतील, "ते मला काय सांगतोस गा? आता पाणी कसं हाय ते सांग. गाळ कोण काढतंय?" निपाणीची एखादी मुलगी विचारील, आमच्याकडनं कोण गेलं होतं का तेव्हा? विहीर एकच, पण हे तीन निबंध आहेत. दोघांना एकाच निबंधात बसवायला गेलात की आजोबा पहिल्या पानावर पेंगतात आणि मावशी दुसऱ्या पानावर वाट चुकते.

माझा ठोकताळा असा. स्पर्धा, परीक्षा, बाहेरचा अंक असेल तर ज्याला काहीच माहीत नाही तो माणूस निवडावा. गावच्या अंकासाठी ज्याला सगळं माहीत आहे तो. दुसरं काम जास्त अवघड आहे बरं का. माहीतगाराला नवीन काहीतरी द्यावं लागतं.

सांगा आणि गप्प बसा

माणूस ठरला की त्याला विषय एका वाक्यात सांगायचा. दुसरं वाक्य बोलायचं नाही. इथंच बहुतेकजण घसरतात. समोरच्यानं "कुठं आहे ही विहीर?" म्हटलं की लगेच पत्ता सांगत सुटतात, त्यातून गप्पा सुरू होतात आणि पुढचे दहा प्रश्न तिथंच विरून जातात. प्रश्न आला की "हं" म्हणायचं आणि लिहून घ्यायचं. उत्तर नंतर, निबंधात.

लिहिताना त्याचेच शब्द ठेवा. माझ्या त्या मुलानं मावशीचा पहिला प्रश्न वहीत 'काँग्रेस विहिरीच्या नामकरणाची पार्श्वभूमी' असा उतरवला होता. मी विचारलं, मावशी असं बोलली? म्हणाला, "नाही, ती म्हणाली पक्षाचं नाव कशाला." मग तेच लिही म्हटलं. 'पार्श्वभूमी' म्हटलं की प्रश्नातली चावच जाते. मावशीच्या प्रश्नात थोडी शंका आहे, थोडी खोडी आहे, आणि तिला ऐकायची घाई आहे. उत्तराला जोर त्यातूनच येतो.

समोरचा नुसतं "वा, छान विषय आहे" म्हणून गप्प बसला तर दोन शक्यता. एक म्हणजे तो भिडस्त आहे. मग त्याला सोडा आणि आठ-दहा वर्षांचं पोर धरा. त्या वयाला भीड नसते. दुसरी शक्यता अशी की विषयच एवढा पसरट आहे की प्रश्नाला धरायला जागा नाही. 'पाणी हेच जीवन' यावर कोण काय विचारणार? पण असं म्हणून बघा: मलप्रभा खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावते आणि पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते, आणि त्याच तालुक्यातली म्हादई पश्चिमेला वळून गोव्यात मांडवी होते. ऐकणारा लगेच म्हणतो, "एकाच तालुक्यातून दोन दिशांना कशा काय?" विषय धारदार झाला की नाही हे तपासायची यापेक्षा सोपी रीत मला माहीत नाही.

कोणीच नसेल तर

रात्री अकराला निबंध आठवला, घरात सगळे झोपलेत, असं होतंच. मग स्वतःलाच विचारायचं. कोण, काय, कुठं, केव्हा, कसं, किती, का, हे शब्द सगळ्यांना पाठ असतात. मी त्यात तीन भर घालते: "कशावरून?", "मग?" आणि "मला काय त्याचं?"

यातला 'मग?' मला फार आवडतो. कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावांत साहित्य संमेलनं भरतात, तिथला श्रोता आठवा. समोरच्या वक्त्यानं 'मग?'ला उत्तर दिलं तर तो तास-दीड तास मांडी मोडत नाही. नाही दिलं तर "धारंची वेळ झाली" म्हणून उठतो आणि घरी म्हशीकडं जातो. त्यात अपमान कुणाचा नसतो. म्हैस खोळंबलेली असतेच. तुमच्या प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी त्या माणसाला बसवा. तो 'मग?' म्हणतोय, की चपला शोधतोय?

'कशावरून?' हा मात्र कडू औषधासारखा आहे. त्याबद्दल पुढं.

खुणा करायच्या

आता मावशीचे अकरा प्रश्न सगळे सांगते, कारण खरं काम इथून सुरू होतं. विहिरीला पक्षाचं नाव कशाला? ती नक्की कुठं आहे? कधी खणली? कोणी खणवली? गांधीजी आले होते म्हणतात, ते तेव्हाच का? एवढ्या मोठ्या कार्यक्रमाला बेळगावच का निवडलं? किती माणसं आली होती? विहीर खणायची गरज काय, दुसरं पाणी नव्हतं? अजून पाणी आहे का? तू स्वतः आत वाकून बघितलंस का? आणि अकरावा: तुझा दहावीचा अभ्यास कुठवर आला?

प्रत्येक प्रश्नापुढं पेन्सिलीनं खूण करायची. उत्तर येत असेल तर बरोबर. शोधावं लागणार असेल तर गोल. या निबंधाचा नसेल तर फुली. अकराव्याला त्यानं फार आनंदानं फुली मारली.

'बरोबर' वाले पटकन झाले. टिळकवाडी, काँग्रेस रोड, डिसेंबर १९२४. गोल असलेल्यांसाठी त्याला वाचनालयात दोन संध्याकाळी घालवाव्या लागल्या. तिथं त्याला कळलं की २६ आणि २७ डिसेंबरला इथं काँग्रेसचं एकोणचाळिसावं अधिवेशन भरलं आणि त्याचे अध्यक्ष गांधीजी होते. काँग्रेसचं अध्यक्षपद त्यांनी आयुष्यात एकदाच भूषवलं, ते बेळगावात. अधिवेशनाच्या नगराला विजयनगर नाव दिलं होतं आणि पाण्यासाठी खणलेल्या या विहिरीला पंपा सरोवर. 'बेळगावच का' या गोलानं त्याला सगळ्यात जास्त फिरवलं. शेवटी गंगाधरराव देशपांडे सापडले. हुदलीचे, टिळकांचे अनुयायी, अधिवेशनाचा डोलारा ज्यांनी उचलला ते. आणि टिळकांच्या होमरूल लीगची स्थापनाही एप्रिल १९१६ मध्ये बेळगावातच झाली होती, म्हणजे गाव आधीपासून चळवळीत होतं. हे सगळं त्याला शाळेच्या पुस्तकात एका जागी मिळालं नसतं. प्रश्न होता म्हणून तो शोधत गेला.

आता 'कशावरून?' 'किती माणसं' याचं उत्तर त्यानं लिहून आणलं होतं: 'लाखो लोक'. मी विचारलं, कशावरून? गडी गप्प. कुठं वाचलं? "असंच, वाटलं." मग ते खोडलं. आकडा मिळाला नाही तर आकडा लिहायचा नाही, त्याऐवजी जे ठाम माहीत आहे ते सांगायचं. देशभरातून येणाऱ्या माणसांसाठी तात्पुरतं नगरच उभारावं लागलं आणि त्या नगराला स्वतःची विहीर लागली. यावरून वाचकाला गर्दीचा अंदाज येतो, आणि तो 'लाखो' या शब्दापेक्षा जास्त पटतो.

आणखी एक मोह आवरावा लागला. शोधता शोधता त्याला सापडलं की अकरा वर्षांच्या गंगूबाई हनगल त्या अधिवेशनात स्वागतगीत गायल्या होत्या. पोरगा हरखून गेला, काहीही करून ते घालायचंच म्हणाला. मी वही पुढं केली: मावशीनं यातलं काही विचारलंय का? नव्हतं विचारलं. तुझी वाचक गाणं शिकणारी एखादी मुलगी असती तर निबंध तिथूनच सुरू केला असता, पक्षाचं नाव आणि विहीर राहिली असती बाजूला. शोधलेलं सगळं वाढायचं नसतं. लग्नात जेवणं उरली म्हणून कोणी पाहुण्याच्या पानात दोनदा भात घालत नाही. आमच्याकडं घालतात म्हणा, पण ती गोष्ट वेगळी.

क्रम विचारणाऱ्याचा

त्याच्या पहिल्या कच्च्या निबंधाचं पहिलं वाक्य होतं: 'इ. स. १८८५ साली राष्ट्रीय काँग्रेसची स्थापना झाली.' खरं आहे, चूक काहीच नाही. पण मावशीच्या अकरा प्रश्नांत १८८५ कुठं आहे? आपल्याला गोष्ट जन्मापासून सांगायची सवय असते. वाचक मात्र जिथं उभा आहे तिथून विचारायला लागतो. तेव्हा प्रश्न ज्या क्रमानं आले, साधारण त्याच क्रमानं उत्तरं येऊ द्या.

दुसरं म्हणजे, सगळ्या प्रश्नांना सारखी जागा द्यायची नाही. कुठं, केव्हा, कोण यांची उत्तरं पहिल्या दोन-तीन वाक्यांत उरकून टाका, तोवर वाचक अडून बसलेला असतो. 'का' ला मात्र सावकाश जागा द्या. आम्ही दोघांनी बसून सुरुवात अशी केली:

'टिळकवाडीत काँग्रेस रोडला एक विहीर आहे. तिला काँग्रेस विहीर म्हणतात, पण तिचा निवडणुकीशी काही संबंध नाही. १९२४ च्या डिसेंबरात देशभरातली माणसं इथं राहायला येणार होती आणि एवढ्यांना पाणी लागणार होतं.'

तीन वाक्यांत चार प्रश्न मिटले, आणि एकही प्रश्न वाक्यात दिसत नाही. काही पोरं 'आता तुम्ही विचाराल की...' असं लिहितात. एकदा चालतं. दुसऱ्यांदा ते सूत्रसंचालकासारखं वाटायला लागतं.

सीमेवरचा 'पण'

काही प्रश्न वाचक तोंडानं विचारत नाही, पण ते मनात असतात, आणि बहुतेक 'पण' नं सुरू होतात. आपल्या बाबतीत एक 'पण' कायमचा आहे: "पण तुम्ही कर्नाटकात ना? मग मराठीत कसं काय?" बाहेरगावी गेलेल्या प्रत्येकाला हा ऐकावा लागतो. निबंधात याचं काय करायचं?

माझं मत काही जणांना पटत नाही, तरी सांगते. विषय तोच नसेल तर एका वाक्यात उत्तर द्या आणि पुढं चला. १९५६ ची राज्य पुनर्रचना, मुंबई राज्यातून आपला भाग म्हैसूर राज्यात जाणं, हे दुःख आमच्या घराघरात आहे. मी ते लहानपणापासून ऐकलंय. पण आमच्या पोरांचा प्रत्येक निबंध, तो पावसाळ्यावर असो की क्रिकेटवर, चौथ्या परिच्छेदात १९५६ कडं वळतो. विहिरीबद्दल विचारणाऱ्याला त्या वेळी विहिरीचंच उत्तर पाहिजे असतं. सीमाप्रश्नावर लिहायचं तर त्यावर वेगळा निबंध लिहा, त्याचे प्रश्न वेगळे गोळा करा. त्याची तेवढी योग्यता आहे.

गावाच्या नावाचंही तसंच. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी आहे, नकाशात वाचकाला तेच दिसतं. आपण घरात बेळगाव म्हणतो, मग मराठी निबंधात बेळगाव लिहा आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच ठेवा. एका पानावर दोन्ही नावं आली की वाचकाला वाटतं ही दोन गावं आहेत.

आपले शब्द मात्र बदलू नका. उप्पिटाला उप्पीटच म्हणा, उपमा करू नका. परक्या वाचकाला जो शब्द अडेल, तो वाक्याच्या ओघात उलगडा. 'पावसाच्या आधी कोरड्या मातीतच भात पेरून ठेवतात, त्याला आमच्याकडं धूळवाफ म्हणतात' असं लिहिलं की 'म्हणजे काय?' हा प्रश्न उठायच्या आतच मिटतो, आणि वाचकाला एक शब्द फुकट मिळतो.

परीक्षेच्या हॉलमध्ये

तिथं फोन नाही, मावशी नाही. उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं पाच प्रश्न लिहा, तीन मिनिटांत, घड्याळ लावून. घरी दहा-बारा वेळा सराव केलात तर तीन मिनिटं पुरतात. वाचक म्हणून मावशीच डोळ्यांसमोर ठेवा, परीक्षकाला नको. परीक्षकाला डोळ्यांसमोर ठेवलं की पोरं 'निसर्गाच्या कुशीत वसलेलं माझं गाव' लिहितात. मी गठ्ठेच्या गठ्ठे तपासलेत. त्या कुशीत एवढी गावं आहेत की श्वास घ्यायला जागा नाही. परीक्षकाच्या मनात खरं तर दोनच प्रश्न असतात: विषय सोडला नाही ना, आणि हे यानं स्वतः बघून-विचार करून लिहिलंय का. दुसऱ्याचं उत्तर द्यायला पहिल्या पाच ओळींत स्वतः पाहिलेली एक तरी गोष्ट येऊ दे. शेवटी पेन्सिलीचं लिखाण आडवी रेघ मारून खोडा.

लिहून झाल्यावर

प्रश्नांचं पान शेजारी उघडं ठेवून निबंध वाचायचा. ज्या वाक्यानं कुठल्याच प्रश्नाला उत्तर दिलं नाही, त्याच्याखाली रेघ. ते लगेच काढा असं मी म्हणत नाही, कधी कधी एखादं वाक्य नुसतं सुंदर म्हणूनही राहतं. पण रेघा जास्त झाल्या तर समजायचं, आपण मावशीला सोडून स्वतःशीच बोलत बसलोय. मग ज्याचं नाव पानावर वर लिहिलंय त्यालाच निबंध मोठ्यानं वाचून दाखवा. "कसा झालाय?" असं विचारू नका, माणसं छानच म्हणतात. तो कुठं थांबवतो ते बघा. "थांब, परत वाच" म्हणाला, तिथं खूण करा.

त्या मुलाच्या पानावर एक गोल शेवटपर्यंत राहिला होता, दहाव्या प्रश्नाचा. रोज सायकलवरून जातो, पण वाकून कधी बघितलं नव्हतं. एका शनिवारी शाळा सुटल्यावर तो उतरला, बघून आला, आणि चार ओळी लिहून आणल्या. त्या ओळी मी इथं देत नाही, निबंध त्याचा आहे. पण त्या चार ओळींपायी आम्ही आधीचा अर्धा परिच्छेद काढून टाकला.

रविवारी वाचनालयाच्या पायरीवर बसून त्यानं सगळा निबंध फोनवर मावशीला वाचून दाखवला. मध्ये तिनं दोनदा थांबवलं, त्यानं दोन खुणा केल्या. संपल्यावर मावशी जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दहाची उत्तरं मिळाली. अकराव्याचं काय?"